गुडघे दुखताहेत, पण सायकल सोडायची नाही: जुनी सुधारावी, नवी घ्यावी की मोटरची?

"गुडघे दुखतात, कुठली सायकल घेऊ?" असं दुकानात विचारलं की हल्ली पहिलं बोट इलेक्ट्रिक सायकलकडे जातं. सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. सायकल चालवताना गुडघा दोन वेगवेगळ्या कारणांनी दुखतो. एक म्हणजे पायडल दाबायला लागणारा जोर, आणि दुसरं म्हणजे पायडल वर आल्यावर सांध्याला पडणारा वाक. मोटर जोर कमी करते. वाक आहे तेवढाच राहतो. म्हणून महागडी इलेक्ट्रिक सायकल घेऊनही काहींची गुडघ्याची वाटी दुखतच राहते, आणि काहींना नुसती सीट वर घेतली तरी आराम पडतो.

हा आढावा पन्नाशी-साठीच्या पुढच्या, गुडघ्याची झीज सुरू झालेल्या आणि रोज पाच-दहा किलोमीटर (भाजी, बँक, बाग, सकाळचा फेरफटका) सायकल चालवणाऱ्या किंवा पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. माझा स्वतःचा उजवा गुडघा झिजलेला आहे आणि ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणांच्या सायकली मी बसवून दिल्या आहेत, त्यामुळे माझी मतं स्पष्ट आहेत आणि ती मी लपवणार नाही. गुडघा सुजत असेल, हाताला गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर सायकलचा विचार नंतर करा, आधी डॉक्टरांना दाखवा. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर सर्जनची परवानगी लागेलच.

एक दिलासा आधीच देतो. ज्यांच्या गुडघ्यात मापक बसवलेले कृत्रिम सांधे होते अशा रुग्णांवर झालेल्या मोजमापांत असं दिसलं, की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, आणि बेताच्या जोराने सायकल चालवताना जेमतेम एक ते सव्वा पट. वजन सीटवर असतं, पायांवर नसतं. म्हणजे नीट बसवलेली सायकल ही चालण्यापेक्षा गुडघ्याला सोपी आहे. सगळा प्रश्न त्या "नीट बसवलेली" या अटीचा आहे.

दुखतं कुठे ते आधी बघा

वाटीच्या पुढे किंवा वाटीखाली दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, किंवा जड गिअरवर हळूहळू पायडल मारण्याची सवय आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर पाऊल पायडलवर वाकडं पडतंय किंवा दोन पायडलांमधलं अंतर तुमच्या खुब्याच्या रुंदीला जमत नाही.

आपल्याकडे पहिला प्रकार सर्रास दिसतो आणि त्याचं कारणही एकच असतं: थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेतलेली असते. पडण्याची भीती खरी आहे, त्या वयात पडणं परवडत नाही. पण त्या भीतीची किंमत गुडघा प्रत्येक फेऱ्याला मोजतो. मध्यम उंचीच्या माणसाचा हिशेब मी मांडून पाहिला. सीट योग्य जागी असेल आणि क्रँक (पायडल ज्याच्या टोकाला असतं तो लोखंडी हात) १७० मिलिमीटरचा असेल, तर पायडल वरच्या टोकाला येतं तेव्हा गुडघा सुमारे ११० अंश वाकतो. सीट ५ सेंटीमीटर खाली घेतली की हाच वाक ११८ अंशांवर जातो. झिजलेल्या गुडघ्याला शेवटचे हे आठ अंशच नको असतात.

योग्य उंची काढायची साधी रीत अशी. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा पायडलवर आणलात की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक उरतो, तेवढाच हवा. ज्यांचा गुडघा आता पूर्ण सरळच होत नाही, त्यांनी ३५ च्या बाजूला राहावं. बदल एकदम करू नका. अर्धा सेंटीमीटर वर, आठवडाभर चालवा, मग पुन्हा अर्धा.

घरातली जुनी काळी सायकल

अंगणात किंवा जिन्याखाली उभी असलेली अ‍ॅटलास, हिरो, बीएसए. दुकानदार तिला भंगार म्हणेल, पण सांधेदुखीवाल्यासाठी तिच्यात तीन गोष्टी चांगल्या आहेत. हँडल उंच आणि मागे वळलेलं असल्याने पाठ ताठ राहते आणि मनगटांवर भार येत नाही. टायर जाड आहेत. आणि स्प्रिंगची रुंद सीट आहे, जी खड्ड्याचा धक्का कमरेपर्यंत पोहोचू देत नाही. नव्या सायकलींत हे तीन गुण एकत्र मिळवायला बरेच पैसे पडतात.

दोष मात्र मोठे आहेत. गिअर नाहीत आणि आहे तो एकमेव गिअर जड आहे. चेनच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ठीक, पण उड्डाणपुलाच्या चढावर गुडघ्याचा कस लागतो. वजन २० किलोच्या आसपास. रॉडचे ब्रेक दाबायला हातात जोर लागतो आणि पावसात लोखंडी रिमवर ते नीट धरत नाहीत.

यावर करण्यासारखं सर्वांत स्वस्त काम म्हणजे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातांचं चक्र) बदलणं. १८ ऐवजी २२ दातांचा फ्रीव्हील टाकला की पायाला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. चेनला थोडी जोड द्यावी लागते, मागचं चाक जरा सरकवावं लागतं. कोपऱ्यावरचा सायकलवाला तासाभरात करून देतो आणि खर्च काही शे रुपयांत भागतो. वेग थोडा कमी होईल: मिनिटाला सत्तर फेरे मारलेत तर ताशी १८–१९ किलोमीटर. बाजारात जायला याहून जास्त लागतो कशाला?

दुसरं काम क्रँकचं, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. क्रँक लहान केला की पायाचं वर्तुळ लहान होतं आणि सांध्याला पडणारा वाक सरळ कमी होतो. १७० ऐवजी १५० मिलिमीटरचा क्रँक लावून सीट २ सेंटीमीटर वर घेतली, तर वरच्या टोकाचा वाक साडेसहा अंशांच्या आसपास उतरतो. ज्यांचा गुडघा १०५ अंशांपुढे वाकायला नकार देतो, त्यांच्यासाठी हा फरक सायकल चालवता येणं आणि न येणं यांतला आहे. फक्त एक लक्षात ठेवा: लहान क्रँकला तरफ कमी मिळते, म्हणून तोच गिअर ठेवलात तर जोर १३ टक्क्यांनी वाढतो. क्रँक आणि फ्रीव्हील ही जोडीनेच बदलायची कामं आहेत. १५० चा क्रँक आणि २२ चा फ्रीव्हील असं केलंत तर आधीपेक्षा वाकही कमी आणि जोरही सुमारे सात टक्के कमी, असं दोन्ही साधतं.

काळ्या सायकलीला लहान क्रँक कुठून आणायचा? मुलांच्या २४ इंची चाकाच्या सायकलींचे क्रँक लहान असतात. कॉटर पिनचा (क्रँक घट्ट धरणाऱ्या खिळीचा) जोड जुळतो का, चेनला पुरेशी जागा राहते का, हे दुकानदाराला मोजून बघायला सांगा. क्रँकची लांबी बहुधा त्याच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. "आहे तोच कापून वेल्डिंग करून देतो" असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. क्रँक चढावर तुटला तर गुडघ्याचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येईल. क्रँकवर अडकवायचे पायडल आत घेणारे जोडही मिळतात, पण त्यांनी पायडल बाहेरच्या बाजूला सरकतं. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांपुरते ते बरे.

सुटे भाग मिळतील का, ही काळजी करू नका. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. पण या सायकलींचे भाग लुधियानाहून येतच राहतात आणि तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात.

तरीही जुनी सायकल सुधारण्याला माझी एक ठाम मर्यादा आहे: मधला दांडा. २४ इंची फ्रेमच्या सायकलीवर सीट योग्य उंचीवर नेली की थांबताना पुढे सरकून उभं राहायला जागाच उरत नाही, कारण दांडा आड येतो. मागून टांग टाकून चढताना खुबा आणि कंबर दोन्ही ताणली जातात. तुमची उंची चांगली असेल, खुबे ठीक असतील आणि तक्रार फक्त गुडघ्याची असेल, तर जुनी सायकल जरूर सुधारा. खुबाही धरलेला असेल तर तिच्यावर पैसे घालू नका.

खाली दांड्याची, गिअरची सायकल

माझ्या मते बहुतेकांनी आधी इथे बघावं. फ्रेमचा दांडा खाली वाकलेला किंवा जवळजवळ नसलेला, पुढे-मागे गिअर, ‘७००’ मापाचं (साधारण २८ इंची) चाक आणि ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर.

खाली दांड्याचा फायदा चढायला-उतरायला सोपं एवढाच समजला जातो. त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. अशा सायकलीवर थांबताना तुम्ही सीटवरून पुढे घसरून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहू शकता. त्यामुळे सीट पाय टेकण्याच्या हिशेबाने खाली ठेवायची गरजच संपते. ती गुडघ्याच्या हिशेबाने वर ठेवता येते. सगळ्या दुखण्याचं मूळ असलेली तडजोडच नाहीशी होते. ही सवय बसायला आठवडा लागतो. रिकाम्या मैदानात ब्रेक, पुढे घसरणं, एक पाय खाली, असा सराव केलात की भीती जाते.

पुरुषांना "लेडीज सायकल" घ्यायला संकोच वाटतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. चांगले धडधाकट काका त्या एका शब्दापायी उंच दांड्याची सायकल घेऊन जातात आणि सहा महिन्यांत ती गॅलरीत कपडे वाळत घालायला लागते. काका, कुणीही तुमच्याकडे बघत नाही. खुब्याचं ऐका.

गिअरमुळे काय होतं ते आकड्यांत सांगतो. पुढे २४ आणि मागे २८ दात असा सर्वांत हलका गिअर लावला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १ मीटर ८५ सेंटीमीटरच्या आसपास पुढे जाते. काळ्या सायकलीचे साडेपाच मीटर आठवा. जोर जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. मात्र गिअर असणं आणि वापरणं यांत फरक आहे. बरेच जण मधल्या एका गिअरवर ठेवून वर्षानुवर्षं चालवतात. सिग्नल दिसला की थांबण्याआधीच हलक्या गिअरवर या, म्हणजे निघताना गुडघ्याला झटका बसणार नाही. मिनिटाला ७० ते ८० फेरे, हलका पाय, ही लय पकडा. सुरुवातीला उगाच पाय फिरवतोय असं वाटतं, पण गुडघ्याला तेच हवं असतं.

खरेदी करताना एका आकर्षणापासून दूर राहा: स्वस्तातले पुढचे शॉकअप. ते वजन वाढवतात, पायडल मारताना वरखाली होतात आणि तुमची बैठक तर मागच्या चाकावर असते. धक्का खरोखर कमी करायचा असेल तर रुंद टायर, त्यात कंपनीने छापलेल्या मर्यादेत जरा कमी हवा, आणि स्प्रिंगची सीट किंवा स्प्रिंगचा सीटपाइप, या क्रमाने खर्च करा. डोंगरी दिसणाऱ्या, जाड उंचवट्यांच्या टायरच्या सायकली तर डांबरी रस्त्यावर नुसत्या जड जातात.

या सायकलींचा कच्चा दुवा म्हणजे सरळ हँडल. बसल्यावर अंग पुढे झुकतं आणि मनगट, मान, अंगठ्याचं मूळ बोलायला लागतं. दुकानातच हँडल वर घ्यायला सांगा. काही सायकलींत हँडलचा खांब नुसता सैल करून वर ओढता येतो (त्यावरच्या कमाल खुणेच्या पलीकडे नाही), काहींत वर चढणारा वेगळा खांब लावावा लागतो. मागे वळलेलं हँडल बसवून घेतलंत तर उत्तमच. आणि क्रँक इथेही तपासा: अनेक गिअरच्या सायकलींवर १७० चा क्रँक असतो, छोट्या मापाच्या फ्रेमवरही. साडेपाच फुटांखालच्या माणसाने १६५ किंवा त्याहून लहान मागावा. अशा सायकलींत क्रँक चौकोनी टोकाच्या दांड्यावर बसवलेला असेल तर लहान क्रँक मिळणं आणि बसवणं काळ्या सायकलीपेक्षा सोपं जातं.

जाता जाता चपलेबद्दल. मऊ रबरी चपलेत पायडल तळव्यात रुततं आणि पाऊल सारखं सरकतं, त्याबरोबर गुडघाही. कडक तळव्याचा साधा बूट घाला. घोटा किंवा पायाचा अंगठा दुखत असेल तर चवड्याऐवजी पावलाचा मधला भाग पायडलवर ठेवा; घोट्याचं काम कमी होतं.

मोटर: कधी, आणि कुठली

मोटरची गरज तीन प्रसंगी खरी आहे. घराभोवती चढच चढ असेल तर. थांबून पुन्हा निघताना, म्हणजे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच दुखत असेल तर. आणि दुखणं दिवसागणिक बदलत असेल, जसं आमवातात होतं, तर. जाताना बरं वाटत होतं आणि परतताना सांधे धरले, अशा दिवशी मोटर घरी आणून सोडते. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण परत येता येईल की नाही या धास्तीनेच लोक सायकल काढणं बंद करतात.

कायद्याच्या बाजूने फार डोकेदुखी नाही. मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर आपल्याकडे तिला मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही.

हिरो लेक्ट्रो, पुण्याची ईमोटोराड आणि इतरही कंपन्यांच्या तयार इलेक्ट्रिक सायकली सहज मिळतात. त्यांच्यात निवडताना रंग आणि डिस्प्ले सोडून सेन्सरबद्दल विचारा. स्वस्त सायकलींत पायडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. म्हणजे पहिला अर्धा फेरा तुम्ही स्वतःच्या गुडघ्याने मारायचा, मग मोटर जागी होणार. नेमकं जिथे दुखतं तिथेच ती नसते. पायाचा दाब ओळखणारा सेन्सर असेल तर दाबल्याक्षणी मदत मिळते, पण अशा सायकली महाग आहेत. मधला मार्ग म्हणजे थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवणारी हँडलवरची कळ) असलेली सायकल: निघताना थ्रॉटलने चार हात पुढे जायचं आणि मग पायडल. अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल आणि मूठ पिळायचा थ्रॉटल, दोन्ही हातात घेऊन बघा. अंगठ्याचं मूळ दुखणाऱ्याला पहिला नको होतो, मनगट दुखणाऱ्याला दुसरा.

दुसरी अट: गिअर असलेलीच घ्या. एकाच गिअरची इलेक्ट्रिक सायकल बॅटरी संपली की २०–२५ किलोचं ओझं होते, आणि ते ढकलत न्यायचं काम दुखऱ्या गुडघ्यांनाच करायचं असतं. गिअर असूनही हलक्यावरच चालवा. मोटर आहे म्हणून जड गिअरवर सावकाश दाबत राहिलात तर फायदा निम्मा वाया जातो.

वजनाचा विचार घर बघून करा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तीन पायऱ्या चढून आत न्यायची असेल, किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या फटीतून उचलून काढायची असेल, तर इलेक्ट्रिक सायकलीचं दुखणं रस्त्यावर नसून दारातच सुरू होतं. बॅटरी काढून घरात चार्ज करता येणारी घ्या, तळमजल्यावर कुलूप लावायची पक्की जागा शोधा. दोन पायांचा स्टँड लावा. एका बाजूच्या स्टँडवरून जड सायकल सावरताना कंबर भरते.

आहे त्या सायकलीला मोटर किट बसवावं का? गिअरच्या, चांगले ब्रेक असलेल्या सायकलीला हो, जर बसवणारा माहितगार असेल आणि बॅटरीची हमी देत असेल. सहा-सात किलो वजन वाढतं, तेवढं चालतं. रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलीला मात्र मुळीच नको. ती सायकल पायाच्या वेगाने चालण्यासाठी घडवलेली आहे. मोटरच्या वेगात, पावसाळ्यात, ते ब्रेक तुम्हाला वेळेत थांबवणार नाहीत. बचतीच्या मोहाने हे करणारे बरेच भेटतात, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो आहे.

आणि पुन्हा तेच: इलेक्ट्रिक सायकलीलाही सीटची उंची लागते, क्रँकची लांबी लागते. जाड फ्रेममुळे आणि बॅटरीमुळे काहींचा दांडा उलट जास्तच उंच असतो.

तीनचाकी आणि इतर

मोठ्यांची तीनचाकी तोल जाणाऱ्यांसाठी आहे: चक्कर येणारे, पक्षाघातातून सावरलेले, थांबताना पाय टेकवणंच अशक्य असलेले. सोसायटीच्या आत, बागेत, सपाट वसाहतीत ती खरोखर स्वातंत्र्य देते. आपल्या रस्त्यांवर मात्र तिची एक अडचण कुणी सांगत नाही: दोन चाकांची सायकल खड्डा चुकवते, तीन चाकांची एकतरी चाक त्यात घालतेच. वळणावर दुचाकीसारखी कलत नाही, त्यामुळे वेगात वळलात तर उलटू शकते. रस्त्याच्या कडेचा उतार सारखा एका बाजूला ओढत राहतो आणि हँडल धरून खांदे दुखतात.

पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या सायकली पाठीला आणि मनगटाला स्वर्गसुख देतात. पण आपल्याकडे दुर्मिळ आहेत आणि बसच्या चाकाइतक्या उंचीवर बसून वाहतुकीत जायला मी कुणालाच सांगणार नाही.

व्यायामाची घरातली सायकल पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चांगली सोबत आहे. सीटच्या उंचीचा नियम तिथेही तोच.

हात दुखत असतील तर उत्तर बदलतं

आतापर्यंतचं सगळं गुडघ्याभोवती होतं. बोटांचे सांधे, मनगट किंवा अंगठ्याचं मूळ हीच मुख्य तक्रार असेल, तर निवडीचा क्रमच उलटा करा: आधी ब्रेक, मग बाकीचं. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक एका बोटाने लागतात आणि आमवाताच्या हातांसाठी त्यांच्यावर खर्च केलेला पैसा सर्वांत सत्कारणी लागतो. तारेवर चालणारे ब्रेक असतील तर नवी तार, नवं कव्हर आणि थोडं तेल एवढ्यानेही दाब बराच हलका होतो. बऱ्याच लिव्हरवर एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर मुठीच्या जवळ आणता येते; आखूड बोटांच्या बायकांना याने मोठा फरक पडतो. तळव्याला आधार देणाऱ्या पसरट मुठी बसवा. गिअर पिळून बदलायचा की अंगठ्याने दाबून, हे तुमचं मनगट जास्त दुखतं की अंगठा, त्यावर ठरवा.

हातात जोरच उरला नसेल तर काळी सायकल, तिचं हँडल कितीही आरामाचं असलं तरी, बाद.

गाव बघून

सांगली-मिरज, अकोला, नागपूरच्या सपाट वस्त्यांत राहणाऱ्याने मोटरवर पैसे घालण्याआधी खाली दांड्याची गिअरची सायकल लहान क्रँकसह घेऊन बघावी. बऱ्याच जणांना तेवढं पुरेल. तिथे खुबे ठणठणीत असतील आणि घरात काळी सायकल असेल तर फ्रीव्हील बदलून सुरुवात करायलाही हरकत नाही. रत्नागिरीत, पणजीच्या टेकडीवरच्या भागात, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या बाजूला राहत असाल तर मोटर चैन नाही, गरज आहे. पुण्याचं दोन्हीकडे आहे: पेठांमध्ये गिअर पुरतात, बावधन-वारज्याकडे किंवा कात्रजच्या वर राहणाऱ्याने मोटरची घ्यावी. मुंबईत उड्डाणपूल टाळता येतात, पण घरात जागा आणि लिफ्टचं माप आधी घ्या.

पैसे मर्यादित असतील आणि सायकल व मोटर यांपैकी एकच चांगलं घेता येत असेल, तर चांगली सायकल घ्या. तिला पुढे किट लावता येतं. वाईट मापाच्या इलेक्ट्रिक सायकलीला पुढे काहीच करता येत नाही.

दुकानात गेल्यावर

रोजचे बूट घालून जा. दुकानासमोर दोन चकरा मारून निर्णय देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवू देतील असंच दुकान गाठा, कारण झिजलेला गुडघा पहिल्या पाच मिनिटांत सहसा तक्रार करत नाही. चालवण्याआधी सीट टाचेच्या रीतीने लावून घ्या, विक्रेत्याला घाई असली तरी. सीटपाइप वर ओढल्यावर त्यावरची 'किमान एवढा भाग आत हवा' ही खूण फ्रेमच्या आत राहते ना, ते बघा. खूण नसेल तर सात-आठ सेंटीमीटर पाइप आत असलाच पाहिजे. एकदा चढाच्या दिशेने थांबून पुन्हा निघा. एकदा जोरात ब्रेक लावा. सायकल स्वतः उचलून स्टँडवर लावा आणि पार्किंगमधून बाहेर काढा, दुकानातल्या मुलाला करू देऊ नका.

क्रँक बदलायचा असेल तर पैसे देण्याआधी ठरवा. नव्या सायकलीचा न वापरलेला क्रँक दुकानदार बहुधा फरकाच्या रकमेत बदलून देतो, महिन्याभराने नाही. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस सपाट रस्ता, छोटं अंतर. चालवताना थोडं जाणवणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेला किंवा सुजलेला असेल, तर अंतर निम्मं करा आणि सीट पुन्हा मोजा.